तिचं नाव कोणत्या रुमालात

दिवाळी सरली त्या आठवड्यात मामांचा फोन आला. "घर पाडायला काढलंय. मागच्या पत्र्याच्या खोलीतलं समदं भंगारवाल्याला द्यायचं म्हणतोय पोरगा. आईची ट्रंक हाय तिथं. तुला काय पायजे असंल तर लवकर ये बघ." आई म्हणजे माझी आजी. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची एक ट्रंक आहे हे मी साफ विसरून गेले होते, आणि पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं मी लोकांची पुस्तकं आणि कागद सांभाळते आहे.

आजोळ कुंडलच्या जवळ. सरळ गेलं तर चार-पाच तासांची वाट. पण रजा शिल्लक होती, भाचीलाही सुट्टी होती, आणि वाटेवरची कितीतरी गावं 'येताना बघू' म्हणून आयुष्यभर मागे टाकलेली होती. तेव्हा पाच दिवस काढले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बायकांचं लिहिलेलं, बोललेलं, बायकांबद्दल नोंदलेलं काय आणि कुठे राहिलंय ते बघत बघत ट्रंकेपर्यंत पोचायचं ठरलं. भाचीनं गाडी चालवायची, फोटो काढायचे. मी डबा आणि वही सांभाळायची.

पहिला दिवस : नायगाव

शिरवळला महामार्ग सोडला की नायगाव फार लांब नाही. सावित्रीबाईंचा जन्म इथला, ३ जानेवारी १८३१, नेवसे पाटलांच्या घरात. ते घर जपलंय, शेजारी स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा एका शाळेची सहल आली होती. मुली रांगेत उभ्या राहून घर बघत होत्या, आणि बाई सांगत होत्या, "हळू, उंबऱ्याला पाय लावू नका."

मी ओसरीवर बसले आणि सावित्रीबाईंची पत्रं पुन्हा वाचली. जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्या हाती आहेत. पन्नास वर्षांच्या संसारातली तीन. त्यांतली दोन या गावातून लिहिलेली. १८५६ सालच्या पत्रात त्या आजारपणामुळे माहेरी आलेल्या आहेत, आणि तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी जे करता ते पतितपणाचं आहे असं म्हणणाऱ्या भावाशी झालेला वाद त्या नवऱ्याला कळवतात. १८६८ सालच्या पत्रात गणेश आणि सारजा ही दोघं येतात. गावानं त्यांना मारायला काढलं होतं, सावित्रीबाई धावत गेल्या आणि मधे पडल्या. तिसरं पत्र १८७७ च्या दुष्काळातलं, जुन्नरजवळच्या ओतूरहून. 'काव्यफुले' १८५४ सालीच छापून निघालं होतं, ते छापील म्हणून टिकलं असं समजता येतं. पण पत्र म्हणजे एकच प्रत. कुणी चूल पेटवायला घेतलं, पावसानं भिजलं, वाळवी लागली की संपलं. सारजेचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते एका कागदामुळे. ओसरीवर बसून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी खंबाटकी ओलांडून साताऱ्यात. भाचीला कंदी पेढे हवे होते, ते घेतले. इतिहास संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीसांचं घराणं याच शहरातलं. झाशीच्या राणीचं मराठी चरित्र त्यांनी १८९४ साली लिहिलं, आणि आयुष्यभर जमवलेल्या कागदांचं, चित्रांचं संग्रहालय साताऱ्यात १९२५ साली उभं राहिलं. १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट राहिला हे खरंच. तरी साताऱ्याच्या मुलीला आपल्या गावचा कागद बघायला पुण्याची गाडी धरावी लागते, आणि ज्या बाईला घरातून दोन तासांच्या वर बाहेर पडता येत नाही तिच्यासाठी तो कागद नसल्यातच जमा.

दुसरा दिवस : सातारा

सकाळी लवकर माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाट, विश्वेश्वराचं देऊळ, पाण्यावर धुकं. इथे महाराणी येसूबाईंची समाधी आहे, ताराबाईंचीही आहे. येसूबाई १६८९ मध्ये मोगलांच्या कैदेत पडल्या आणि १७१९ साली सुटून आल्या. तीस वर्षं. ताराबाईंनी पंचविशी गाठली असेल नसेल तेव्हा औरंगजेबाशी लढा चालवायला घेतला, आणि १७६१ पर्यंत त्या जगल्या. आम्ही घाटावर विचारलं तेव्हा पहिल्यांदा आम्हाला दाखवली गेली ती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी. त्या इमानी जनावराचा मान त्याला मिळायलाच हवा. पण दोन राण्यांच्या समाध्या शोधायला आम्हाला पाऊण तास लागला, हेही मी इथे लिहून ठेवते.

ताराबाईंच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झालेली आहे. शिवाजी विद्यापीठानं आप्पासाहेब पवारांच्या संपादनाखाली 'ताराबाईकालीन कागदपत्रे' छापली. मोडीतला कागद देवनागरीत आला की बारावी झालेली पोरसुद्धा तो वाचू शकते. कागद जपणं हे अर्धंच काम, तो वाचता येण्याजोगा करणं हे उरलेलं. आमच्या धंद्यात पहिल्या अर्ध्याचंच कौतुक फार होतं.

दुपारी गावात. इथल्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झालं. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरातला १९१४ हा क्रमांक आणि तिथली सही यांचा फोटो कितीतरी घरांत लावलेला असतो, आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. भाचीनं फोनवर तो फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "मावशी, मुलाचं नाव, बापाचं नाव. आई कुठाय?" आई भीमाबाई. भीमराव लहान असतानाच त्या साताऱ्यात वारल्या, त्यांची समाधी या शहरातच आहे. शाळेच्या रकान्यात आईला जागा नव्हती. आपल्या राज्यात सरकारी कागदावर मुलाच्या नावामागे आईचं नाव लावणं बंधनकारक झालं ते १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. म्हणजे त्याच्या आधीच्या कागदांत आई शोधायची तर दुसऱ्याच कुठल्यातरी दारानं आत जावं लागतं.

हे दार कसं असतं ते त्याच दिवशी कळलं. एका जुन्या संग्रहात आम्ही गेलो होतो. कोणत्या, ते सांगत नाही. लाल कापडात बांधलेले दप्तरांचे गठ्ठे मांडणीवर ओळीनं लावलेले. या गठ्ठ्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. मी विचारलं, "बायकांची पत्रं, अर्ज, असं काही बघायला मिळेल का?" समोरचे गृहस्थ खरोखर विचार करून म्हणाले, "बायकांचं असं वेगळं काही नाही हो आमच्याकडे." यादी चाळली. रुमाल घराण्यांच्या नावानं, घराणी पुरुषांच्या नावानं. त्यांचं उत्तर यादीपुरतं खरं होतं.

मग मी प्रश्न बदलला. चोळीबांगडीचे कागद आहेत का म्हणून विचारलं. घरातल्या बाईला पोटासाठी, लुगड्याचोळीसाठी जी नेमणूक करून दिलेली असायची तिला चोळीबांगडी म्हणतात. त्यावरून भांडणं व्हायची, अर्ज व्हायचे, पंच बसायचे. गृहस्थांचा चेहरा उजळला. "ते आहे की! जमीनजुमल्याच्या रुमालात असेल." त्यांनी गाठ सोडली. आत हाती बनवलेला जाड कागद, काजळाच्या शाईची काळीभोर अक्षरं, कडा खाल्लेल्या. माझी मोडी अडखळती आहे, तरी लागलं : एका विधवा बाईनं दिराविरुद्ध लिहून दिलेला कागद. नेमणूक तीन वर्षं पोचली नाही, धान्य पोचलं नाही. लिहिणारा कुणी कारकून. आणि अगदी खाली, सहीच्या जागी, एक छोटासा गोल.

भाचीनं विचारलं, "हे काय, शून्य?"

बांगडी. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी काढायचा. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. गोल पुरता जुळलेला नव्हता. सुरुवात केली तिथे शाई दाट उतरली होती, पुढे हात थरथरला असावा, आणि टोकं एकमेकांच्या शेजारून निघून गेली होती. त्या बाईनं आयुष्यात बोरू हातात धरला असेल तो बहुधा तेवढाच. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत राहिलो.

फोटो काढू दिला नाही. रीतसर अर्ज करा, शिक्क्यानिशी पत्र आणा, मग बघू. मला राग आला, आणि तो गिळलाही, कारण खिडकीच्या पलीकडे मीसुद्धा बसते आणि कुणी बेपर्वाईनं पान फिरवलं तर माझाही जीव खाली-वर होतो. तरी एवढं म्हणेन की त्या रुमालावर एक चिठ्ठी लावायला खर्च येत नाही : 'आत बाईचा अर्ज आहे, चोळीबांगडीबाबत.' मी तसं सुचवलं. त्यांनी माझ्याच वहीतला कागद मागून घेतला आणि माझ्यासमोर चिठ्ठी लिहिली. साताऱ्यातलं माझं सगळ्यांत मोठं काम ते झालं.

तिसरा दिवस : कऱ्हाड, देवराष्ट्रे

उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत कऱ्हाडला पोचलो. प्रीतिसंगमावर जाऊन मग सौ. वेणूताई चव्हाण स्मारकात. यशवंतरावांची ग्रंथसंपदा आणि कागदपत्रं तिथे आहेत. मला तिथली एक गोष्ट फार भिडली. बाकी सगळीकडे बाईचे कागद नवऱ्याच्या नावाखाली बांधलेले, इथे नवऱ्याचे कागद बाईच्या नावाच्या छपराखाली. वेणूताई फलटणच्या मोऱ्यांच्या. लग्न जून १९४२ मध्ये झालं, नवरा भूमिगत, आणि नवी नवरी पहिल्याच संक्रांतीच्या सुमारास तुरुंगात. बाईच्या आयुष्याची ही बाजू आपल्याला कळते ती नवऱ्यानं आपल्या आत्मचरित्रात लिहिली म्हणून.

तिथून तासाभरात देवराष्ट्रे. सागरेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव, यशवंतरावांचं जन्मगाव. त्यांचं घर कुणीही दाखवतं. मी विचारत होते रमाबाई रानड्यांबद्दल. त्यांचाही जन्म देवराष्ट्र्याचाच, २५ जानेवारी १८६२. दोन ठिकाणी लोक माझ्याकडे नुसते बघत राहिले. तिसऱ्या ठिकाणी, पारावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कुर्लेकरांची लेक म्हणताय का?"

रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि आडनावासकट नावही गेलं. १९१० साली त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं, सेवासदन त्यांनी उभं केलं, आणि हे सगळं रमाबाई रानडे या नावावर जमा. गावाच्या आठवणीत राहिली असेल तर यमुना. मी रमा शोधत होते. आमच्या सूचीतही नेमकं हेच होतं. बाईचा जन्माचा दाखला एका नावाचा, लग्नपत्रिका दुसऱ्या, लेख तिसऱ्या, आणि सातबाऱ्यावर चढली तर 'अमक्याची बायको'. तिन्ही-चारी नावं एका कार्डावर आणल्याशिवाय ती सापडत नाही. देवराष्ट्र्याच्या पारावर बसून मी वहीत लिहिलं : ट्रंक उघडायच्या आधी आजीची सगळी नावं लिहून काढ.

लिहायला घेतली आणि थांबले. तिचं लग्नाआधीचं नाव मला माहीत नव्हतं.

चौथा दिवस : आजोळ

अंगणात गोधडी पसरली आणि मामांनी ट्रंक आणून ठेवली. हिरवा रंग, एका बाजूनं गंजलेली, कडीला कुलुपाऐवजी साडीची दोरी. मामी म्हणाल्या, "उघडायच्या आदी हात धू गं. सासूबाईंचं हाय ते."

एवढं तरी मला घरात कुणी सांगायला नको होतं. उलट या बाबतीत माझा हात फार जपून नव्हता आणि ते इथे सांगायला हवं. आजीनं माझ्या आईला लिहिलेलं एक आंतरदेशीय पत्र होतं. २००९ साली मी ते जपायचं म्हणून लॅमिनेट करून आणलं. यंत्रातल्या उष्णतेनं आणि आत कोंडलेल्या चिकट थरानं ते वर्षागणिक तपकिरी होत गेलं. आता 'चि. सौ.' च्या पुढच्या दोन ओळी लागतच नाहीत, आणि प्लास्टिक सोडवायला गेलं तर अक्षर त्याच्याबरोबर सुटून येईल. आमच्या व्यवसायात कुणीही सांगेल : लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, गंजणाऱ्या टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, सुती धुतलेलं कापड, वेखंडाची पुरचुंडी, कोरडी अंधारी जागा. मी इतरांना सांगते ते घरच्या कागदाला लावलं नाही. त्या दोन ओळींची हळहळ मला जन्मभर राहणार.

ट्रंकेत वरच एक इरकली लुगडं, घडीवर फाटलेलं. खाली आजोबांची पेन्शनची फाइल. आजोबा प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजी राज्याला समांतर चालवलेल्या सरकारच्या, कामात होते. १९४३ ते ४६, तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घेतलं की या भागातली म्हातारी माणसं अजून सावरून बसतात. आजोबांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट १९७२ पासून भिंतीवर आहे. आजीबद्दल घरात एकच वाक्य होतं : "ती भाकरी भाजायची." पेन्शनच्या फाइलीत ती 'वारस : पत्नी' म्हणून आली होती, नाव एकदाच, तेही चुकीचं.

फाइलीच्या खाली 'स्त्री' मासिकाचे सहा अंक. जुने, १९४० च्या दशकातले. हे मासिक ऑगस्ट १९३० मध्ये निघालं, इथून हाकेच्या अंतरावर, किर्लोस्करवाडीत. आजोळाहून किर्लोस्करवाडीचं स्टेशन दिसतं, आणि महाराष्ट्रभरच्या बायका ज्याची वाट बघायच्या तो अंक तिथून रवाना व्हायचा, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. कागद स्वस्तातला, आम्लानं पिवळा पडून बिस्किटासारखा कुरकुरीत झालेला. भाचीनं पान उलटायला बोट लावलं तर कोपरा हातात आला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पानाखाली जाड कागदाची पट्टी सरकवून पान उचलायला लागलो.

एका अंकाच्या मलपृष्ठावर पेन्सिलीनं दुधाचा हिशेब होता. रतिब, आणे, कुणाकडे किती येणं. आजीचं अक्षर. आत एका लेखाच्या समासात तीन शब्द : 'हे खरं हाय.' लेख बायकांच्या शिक्षणावर होता. आजी चौथी शिकलेली. तिनं छापील लेखाशी बोलणं केलेलं होतं. हे कुठल्याही सूचीत येणार नाही. सूचीत '१९४६चा सुटा अंक, अवस्था वाईट' एवढंच येईल, आणि रद्दीत तो आधी जाईल, कारण चांगली प्रत पुण्यामुंबईच्या ग्रंथालयात आहेच. म्हणून आम्ही दुधाचा हिशेब आणि ते तीन शब्द आधी फोटोत घेतले. उन्हात नाही, पत्र्याच्या सावलीत, पांढऱ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तळाशी एक लांबट वही सापडली. महिला मंडळाची भिशी. महिन्यामहिन्याला नावं, रक्कम, आणि समोर सही. निम्म्याहून अधिक अंगठे. जांभळ्या शाईचे ते अंगठे बघून मला साताऱ्यात बघितलेला तो बांगडीचा गोल आठवला. आजीची सही प्रत्येक पानावर होती, कारण वही तीच लिहायची. आणि तिथे तिनं आपलं नाव लिहिलं होतं ते सासरचं नव्हतं. मी मामींना वाचून दाखवलं.

"ते तिचं म्हायेरचं नाव," मामी म्हणाल्या. "भिशीच्या बायका तिच्या म्हायेरच्या गल्लीतल्याच व्हत्या निम्म्या. त्या त्याच नावानं हाक मारायच्या."

ते नाव मी इथे लिहीत नाही, घरात विचारलं पाहिजे. पण पारावर रिकामी राहिलेली ओळ वहीत भरली.

मग मामी बोलायला लागल्या. भाचीनं विचारलं, "मामीआजी, रेकॉर्ड करू का?" त्या म्हणाल्या, "कर की. पण मला नंतर ऐकव." सासूनं त्यांना सांगितलेलं त्या सांगत होत्या. दुरडीत भाकरी, भाकरीच्या चवडीत चिठ्ठी, वर चटणीचं फडकं. पोलिसानं अडवलं तर फडकं काढून पुढे करायचं, भाकरी उचलायची नाही. रात्री डोंगराच्या बाजूला जायचं ते शेणी गोळा करायच्या निमित्तानं. 'भाकरी भाजायची' या वाक्याच्या आत हे सगळं बसलेलं होतं.

शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वे लुटली, त्याचं वर्णन शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानांपर्यंत येतं. बायकांच्या हातची कामं अशी नोंदली गेली नाहीत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील वयाची नव्वदी ओलांडल्यावर आपल्या तोंडानं सांगत होत्या, भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर भांडणाचं सोंग कसं केलं, पोलीस सोडवायला बाहेर आल्यावर आतली हत्यारं साथीदारांनी कशी पळवली. कुणीतरी वेळेवर कॅमेरा लावला म्हणून ते राहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या गेल्या. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांचे आवाज आणि चित्रं जपते. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्याखेड्यांत फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे करणारी माणसं मला देवासारखी वाटतात. पण आमच्या अंगणात ती येणार नव्हती. आमच्याकडे भाची होती आणि तिचा फोन होता.

जातं अजून पडवीत होतं. मामींनी खुंट्याला हात लावला आणि जणू आपोआप आवाज निघाला :

म्हायेराच्या वाटं किष्णामाईचा उतार
भाऊ माजा नावाडी, मला नेतो पैलपार

"ही सासूबाईंची. तिनंच जुळवलेली," म्हणाल्या. जात्यात दाणे नव्हते, दगडावर दगड फिरण्याचा आवाज त्या रेकॉर्डिंगात आहे. भाची तो काढून टाकूया का म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

रात्री फायलींना नावं दिली. 'आयएमजी' आणि आकडे ठेवले तर वर्षभरात आपल्यालाच कळत नाही काय आहे ते. तारीख, गाव, बाईचं नाव, माहेरचं नाव, कागदाचा प्रकार, पान. तीन प्रती : एक भाचीकडे, एक माझ्याकडे, एक मामांच्या मुलाच्या पेनड्राइव्हवर. त्यानं ट्रंक भंगारात द्यायचं पुन्हा काढलं नाही. उलट रात्री उशिरा येऊन म्हणाला, "ताई, त्यात माझ्या आईचं पण काही घालूया का?"

पाचवा दिवस : आष्टा, सांगली

आष्ट्यात थांबलो ते काशीबाई कानिटकरांसाठी. १८६१ साली त्यांचा जन्म इथला. लपूनछपून वाचायला शिकलेली ही मुलगी पुढे मराठीतली लेखिका झाली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली गेल्या, वय अवघं एकवीस. त्यांचं चरित्र काशीबाईंनी लिहिलं आणि आनंदीबाईंची पत्रं त्यात घेतली. एका बाईनं दुसरीची पत्रं छापून ठेवली. आष्ट्यात आम्ही चहा प्यायलो आणि पुढे निघालो, बघण्यासारखं काही शोधत बसलो नाही.

सांगलीत आयर्विन पुलावर गाडी हळू केली. इथे धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. तेवढ्या वेळात तो सावलीत, वाऱ्यावर, टिपकागद बदलत वाळवावा लागतो. आणि त्या दोन दिवसांत माणसं छपरावर होती. वाचनालयाचं नुकसान निदान मोजलं तरी गेलं. गावभागातल्या घरांतून किती वह्या, फोटो, पत्रं कृष्णेत गेली त्याची मोजदाद कुणाकडे नाही.

मामींच्या ओळखीच्या एका काकूंकडे आमचा शेवटचा मुक्काम. ऐंशीच्या दशकात या जिल्ह्यात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचं आंदोलन उभं राहिलं. परित्यक्ता हा शब्द तेव्हा मोर्च्यातून घराघरांत पोचला. स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीच्या बायका स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागत होत्या, राहायला जागा मागत होत्या. काकू त्यातल्या. पत्रकं, बॅनर, ठराव, त्यांच्याकडे काहीच नाही. आहे ते रेशनकार्ड.

त्यांनी ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहेर काढलं. पुठ्ठा घडीवर तुटलेला, आतून सुईदोऱ्यानं टाचलेला. 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढे त्यांचं नाव, निळ्या शाईत. त्याखालच्या ओळी रिकाम्या. "पुराला हेच पोटाशी बांधलं हुतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं जाऊ दे म्हटलं."

मी ग्रंथालयाची बाई. माझ्या तोंडून गेलं की हे एखाद्या संग्रहालयात असायला हवं. काकूंनी कार्ड परत पिशवीत घातलं. "फोटो काढा. कार्ड माज्यापाशी ऱ्हाईल. मी मेल्यावर लेक ठरवंल." त्यांचं बरोबर होतं. टाकलेल्या बाईचा कागद, देवदासीचा कागद, वेश्यावस्तीतल्या बाईचा कागद, तो कुणी बघावा आणि केव्हा बघावा हे तिनंच सांगायचं असतं. भाचीनं वहीत एक ओळ घातली : फोटो दाखवायला हरकत नाही, नाव लावायचं नाही. काकूंनी ती ओळ वाचून बघितली आणि खाली सही केली.

मग त्या तासभर बोलल्या. मोर्चा कसा निघाला, एसटीच्या भाड्याला पैसे कुठून आणले, कचेरीसमोर पावसात कशा बसल्या, साहेबानं पहिला प्रश्न काय विचारला. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "लाव बघू, ऐकते." मांडीवर फोन ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. मध्येच हात वर केला.

"थांब. पहिल्या दिवशी तिघीच बसलो हुतो कचेरीपुढं. चौथी दुपारनं आली. मी चौघी म्हटलंय. तेवढं परत घे."

भाचीनं बटण पुन्हा दाबलं.